कपाट किती बदल्या झेलते?

बदलीचा हुकूम हातात पडला की घरात दोन प्रश्न निघतात. पहिला मुलांच्या शाळेचा. दुसरा बेडरूममध्ये भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या आरशाच्या कपाटाचा. हे बरोबर न्यायचे, की इथेच कुणाला तरी देऊन टाकायचे? विकताना दुकानदार म्हणाला होता, "काळजी नको, सगळे सुटे होते." सुटे होते हे खरेच. पुन्हा जुळते का, आणि किती वेळा जुळते, याचे उत्तर या प्रकरणात शोधू.

१. होटगीसारख्या गावात हा प्रश्न जास्त का पडतो

होटगी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले जंक्शन. जीआयपी रेल्वे १८६० साली सोलापूरला पोचली आणि पुढे वाडी-रायचूरकडे गेली. १८८४ मध्ये सदर्न मराठा रेल्वेने होटगीहून विजापूर, बागलकोटमार्गे गदगपर्यंत मीटरगेज मार्ग सुरू केला आणि होटगी दोन रेल्वेंच्या सांध्यावर आले. तेव्हापासून इथे बदलीवर येणारी आणि बदलीवर जाणारी माणसे आहेतच. त्यात सिमेंटच्या कारखान्याची भर पडली. तालुक्यातच एनटीपीसीचे १,३२० मेगावॅटचे वीजकेंद्र उभे राहिले, तिथेही बाहेरगावचे कर्मचारी आले. पंधराएक किलोमीटरवर सोलापूर शहर, तिथे अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी बिऱ्हाडे. आज होटगी, उद्या दौंड, परवा वाडी असे ज्यांचे आयुष्य आहे, त्यांच्या दृष्टीने कपाट नुसते टिकाऊ असून भागत नाही. ते फिरते असावे लागते.

होटगीच्या इतिहासातच या प्रश्नाची पहिली किल्ली आहे. ब्रॉडगेजच्या दोन रुळांत १,६७६ मिलिमीटर अंतर असते, मीटरगेजच्या रुळांत १,०००. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चालत नाही. म्हणून जिथे दोन मापे भेटतात तिथे एका डब्यातला माल उतरवायचा आणि दुसऱ्यात चढवायचा, हे आलेच. शंभर किलोमीटर धावताना गोणी जागेवर पडून असते. तिला आकडा लागतो, ती आपटते, फाटते, ती या उतरवण्या-चढवण्यात.

घरच्या सामानालाही हाच नियम लागू आहे. सामान किलोमीटरने झिजत नाही, उचल-ठेवीने झिजते. होटगी ते सोलापूर आणि होटगी ते नागपूर या दोन बदल्यांत कपाटाला सोसावा लागणारा त्रास जवळजवळ सारखाच असतो. जिना तोच, दरवाजा तोच, चार हात तेच.

२. सुटे सामान ही कल्पना नवी नाही

सुट्या भागांचे फर्निचर म्हटले की आपल्याला हैदराबादला २०१८ मध्ये आणि नवी मुंबईत तुर्भ्याला २०२० मध्ये उघडलेली आयकियाची भव्य दालने आठवतात. या स्वीडिश कंपनीत १९५६ च्या सुमारास एका पानाच्या आकाराच्या टेबलाचे पाय काढून ते गाडीत बसवले गेले आणि त्यातून सपाट खोक्यात फर्निचर विकण्याची पद्धत रुजली. कल्पना मात्र त्याहून शंभर वर्षे जुनी आहे.

१८५९ मध्ये व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने वाफेवर वाकवलेल्या लाकडाची एक खुर्ची बाजारात आणली. तिचा क्रमांक १४. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट, एवढ्यात खुर्ची पूर्ण. सुट्या केलेल्या अशा छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत ज्या गोलसर पाठीच्या काळपट खुर्च्यांवर आपण बनमस्का खाल्ला, त्या याच कुळातल्या.

आपल्या घरांतही सुटे सामान होते. जुना शिसवी पलंग चार पाय, चार पट्ट्या आणि वरच्या फळ्या असा वेगळा होई. पट्टीच्या टोकाचा लोखंडी आकडा पायातल्या लोखंडी खाचेत अडकवला आणि वरून ठोकला की पलंग उभा. तीन पिढ्या उतरवला-जोडला तरी कुरकुर नाही.

आणि याच्या अगदी उलट टोकाला गोदरेजचे कपाट. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनवायला सुरुवात केली. त्या कपाटाचा सांगाडा वेगळा होतच नाही. जिन्यातून नेताना हमाल देवाचे नाव घेतात, कोपऱ्याला पोचा पडतो, रंग उडतो. पण नव्या घरात कपाट पूर्वीइतकेच ताठ उभे राहते.

पलंग सुटा होऊन टिकला, गोदरेज सुटे न होता टिकले. मग सुट्या भागांचे आजचे मॉड्यूलर कपाट दुसऱ्या-तिसऱ्या बदलीला का डुगडुगते? दोष सुटे होण्यात नाही हे उघड आहे. दोष कशात आहे हे कळायला आधी फळीच्या पोटात डोकवावे लागेल.

३. फळीच्या पोटात काय असते

दुकानात सगळ्या फळ्या वरून सारख्याच दिसतात, कारण वर सनमायका किंवा छापील कागदाचा थर असतो. आत मात्र तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

प्लायवूड. लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले. लाकडाचे लांब तंतू त्यात शाबूत असतात. भारतीय मानक ३०३ मध्ये याच्या दोन प्रती सांगितल्या आहेत: दमटपणा सोसणारी एमआर आणि उकळते पाणी सोसणारी बीडब्ल्यूआर. सागरी प्लायचे मानक वेगळे, ७१०.

एमडीएफ. लाकूड अगदी बारीक तंतूंपर्यंत पिंजून, राळ घालून दाबलेले. गुळगुळीत, घट्ट, जड.

पार्टिकल बोर्ड. लाकडाचे कण राळेत मिसळून गरम दाबाखाली थापलेले. याला सुतार सरळ 'भुशाचा बोर्ड' म्हणतात. स्वस्त तयार कपाटांत, टेबलांत, बूट-रॅकमध्ये बहुतेक हाच असतो. लाकडाऐवजी उसाचे चिपाडही चालते. उसाच्या या जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरला, इकोबोर्ड कंपनीने चिपाडापासून असा बोर्ड बनवण्याचा कारखाना उभारला. म्हणजे सोलापूरकरांच्या चहातली साखर आणि त्यांच्या टेबलाची फळी एकाच शेतातून आलेली असू शकते.

पार्टिकल बोर्डचा स्वभाव समजायला शेंगदाण्याची चिक्की डोळ्यासमोर आणा. दाणे पक्के, गूळ पक्का, वडी ताठ. तिच्यावर सपाट वजन ठेवा, काही होत नाही. पण तिच्या कडेत सुई खुपसून फिरवा. दाणे सुटतात, भोक मोठे होते, आणि सुटलेला चुरा परत दाबून बसत नाही. पावसाळी हवेत उघडी राहिली तर चिक्की मऊ पडते आणि नंतर कितीही वाळवली तरी पहिल्यासारखी कुरकुरीत होत नाही. भुशाच्या बोर्डाचेही हेच दोन शत्रू: एकाच भोकात पुन्हा पुन्हा फिरणारा स्क्रू आणि पाणी.

आणखी एक बारकावा. बोर्ड बनवताना वरच्या-खालच्या थरांत बारीक कण घट्ट दाबलेले असतात, मधल्या थरात जाडसर कण सैल असतात. म्हणून फळीच्या तोंडावर, म्हणजे रुंद बाजूवर, मारलेला स्क्रू बऱ्यापैकी धरतो. कडेत मारलेला स्क्रू नेमका त्या सैल थरात शिरतो. कपाटाचा वरचा कोपरा सैल का होतो, याचे अर्धे उत्तर इथे मिळाले.

४. खरी परीक्षा जोडाची

आता जोड पाहू. मॉड्यूलर कपाटात साधारण चार प्रकारचे जोड भेटतात. सर्वांत टिकाऊपासून सर्वांत नाजूकपर्यंत ते असे लागतात.

पहिला, धातू धातूत. बोल्ट आणि नट, किंवा फळीत कायमची बसवलेली आट्यांची पितळी वा जस्ती नळी आणि तिच्यात फिरणारा बोल्ट. उघडताना-लावताना धातू धातूवर सरकतो. फळीला काही कळतही नाही. पलंगाचा आकडा याच जातीचा.

दुसरा, कॅम. याला मिस्त्री 'मिनिफिक्स' म्हणतात. एका फळीच्या तोंडात धातूची छोटी दांडी फिरवून बसवलेली असते. तिचे डोके दुसऱ्या फळीच्या कडेतल्या भोकातून आत जाते. तिथे सुमारे १५ मिलिमीटर व्यासाची धातूची गोल चकती असते. स्क्रूड्रायव्हरने चकती अर्धा वळसा फिरवली की ती दांडीचे डोके पकडून ओढते आणि दोन फळ्या एकमेकींना घट्ट भिडतात. शेजारी लाकडी खुंट्या असतात; त्या फळी सरकू देत नाहीत.

या जोडाची गंमत समजून घ्या. चकती आणि दांडीचे डोके यांचा संबंध धातूचा धातूशी आहे, तो अनेकदा उघडला तरी चालतो. दांडीचे दुसरे टोक मात्र भुशात रुतलेले आहे. म्हणून कपाट सुटे करताना फक्त चकती सैल करायची आणि दांडी फळीतच राहू द्यायची. घाईत असलेला माणूस 'वाटेत मोडायला नको' म्हणून दांड्याही उपसून पिशवीत भरतो आणि नव्या घरी त्याच भोकात पुन्हा फिरवतो. कपाटाचे आयुष्य तिथे कमी होते.

तिसरा, सरळ फळीत मारलेला स्क्रू. बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल, हँडल यांचे स्क्रू असे असतात. पहिल्यांदा उत्तम धरतात. दर वेळी काढून लावल्यावर आटे थोडे थोडे झिजतात. दार रोज उघड-मीट होत असल्याने झिजलेल्या बिजागरीची तक्रार सर्वांत आधी येते.

चौथा, मागच्या पातळ फळीचे बारीक खिळे, ज्यांना आपण चुका म्हणतो. ते उपसताना फळी फाटते, आणि जुन्या भोकात ते परत धरत नाहीत.

सगळ्या प्रकरणाचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर असा: जिथे धातूचा जोड धातूशी आहे ते सामान हवे तितके फिरते; जिथे धातूचा जोड भुशाशी आहे ते मोजून फिरते. जुना पलंग का टिकला आणि महागाचे कपाट का डुगडुगले, हे या वाक्यात सामावते. गोदरेजच्या कपाटाचा सांगाडा तर उघडावाच लागत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

५. पाठ गेली की कपाट गेले

कपाटाची मागची फळी जेमतेम तीन मिलिमीटरची असते. ती भिंतीकडे तोंड करून असल्याने लोक तिला किंमत देत नाहीत. शिफ्टिंगमध्ये ती तुटली तर 'मागून कोण बघतंय' म्हणून तशीच टाकून देतात. ही मोठी चूक आहे.

दोन उभ्या आणि दोन आडव्या फळ्यांची चौकट घेतली, तर तिला वरून दाबले तरी ती खचत नाही. बाजूने ढकलली की मात्र ती तिरपी होते, चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो. कोपऱ्यांचे जोड एकटे हे तिरपेपण थांबवू शकत नाहीत. मागे पातळशी फळी चारी कडांना पक्की केली की चौकट तिरपी होण्यासाठी त्या फळीला ताणावे लागते, आणि ताणायला ती फार चिवट असते. जाडीने कमी असूनही कपाटाचा सगळा काटकोन ती सांभाळते.

नव्या घरात दारे एकमेकांना घासू लागली, एक वर एक खाली दिसू लागले, की लोक बिजागऱ्या आवळत बसतात. आधी मागची फळी पहा. कपाट काटकोनात आहे का हे तपासायला टेप पुरते. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत मोजा, मग वरच्या उजव्यापासून खालच्या डाव्यापर्यंत. दोन्ही कर्ण सारखे आले तर कपाट सरळ. पाच-सात मिलिमीटरचा फरक आला तरी दारे भांडणार. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हळूच दाब देऊन कर्ण सारखे करायचे आणि मगच मागची फळी पक्की करायची. जुन्या चुकांऐवजी चपट्या डोक्याचे छोटे स्क्रू, जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोके पाडून मारले, तर पुढच्या वेळी ती फळी न फाटता निघेल.

६. पाणी, हवा आणि बदलीचा महिना

सोलापूरची हवा वर्षातला बराच काळ कोरडी. भुशाच्या बोर्डाला हे गाव मानवते. त्याच कपाटाची बदली रत्नागिरी, पनवेल किंवा मुंबईला झाली की चार महिन्यांच्या दमट हवेशी गाठ पडते. सनमायकाखाली झाकलेला भाग सुरक्षित असतो. पाणी शिरते ते उघड्या जागांतून: स्क्रूची भोके, मागच्या कडा, आणि सर्वांत जास्त तळाची कड, जिला बहुधा पट्टीच लावलेली नसते. फरशी पुसताना रोज थोडे थोडे पाणी तिथे चढते. बोर्ड फुगतो, आणि आत दाबलेले कण एकदा सुटले की वाळल्यावरही जाडी मूळ मापावर येत नाही. फुगलेल्या जागी स्क्रू धरत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत निघालेली बदली पहिल्या पावसात अडकायला वेळ लागत नाही. उघड्या टेम्पोत एका सरीत भिजलेल्या फळ्या दहा बदल्यांपेक्षा जास्त नुकसान सोसतात. म्हणून ताडपत्रीचा खर्च वाचवू नका. नवे घर मिळाले की जोडण्याआधी, फळी हातात सुटी असतानाच, तळाच्या उघड्या कडांवर वॉर्निश किंवा तेलरंगाचा हात मारा. कपाट उभे राहिल्यावर ती कड पुन्हा कधी दिसत नाही. खाली बोटभर उंचीचे प्लास्टिकचे पाय लावता आले तर फारच चांगले. जुन्या क्वार्टरमध्ये वाळवी असेल तर तेही भिंतीला लावण्याआधी पाहायचे, कारण भुशात राळ असली तरी वाळवी त्याला सोडत नाही.

७. फळी मधून का वाकते

बदलीच्या वेळी कपाट रिकामे केले की पुस्तकांची फळी मधून वाकलेली दिसते. दोष बोर्डाला देतात, पण बरेचदा तो लांबीचा असतो.

पूर्ण भरलेल्या फळीचे वाकणे लांबीच्या चौथ्या घाताने वाढते. ६० सेंटिमीटरची फळी आणि ९० सेंटिमीटरची फळी घेऊ. लांबी दीडपट झाली. दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन. सव्वादोन गुणिले सव्वादोन म्हणजे पाचाहून थोडे जास्त. म्हणजे तशीच गच्च पुस्तके, तीच जाडी, पण वाकणे पाचपट. जाडीचे गणित उलट दिशेने मदत करते: ताठपणा जाडीच्या तिसऱ्या घाताने वाढतो. १८ मिलिमीटरऐवजी २५ मिलिमीटरची फळी घेतली तर ती अडीचपटीहून अधिक ताठ असते.

शिवाय भुशाचा बोर्ड सततच्या वजनाखाली वर्षानुवर्षे हळूहळू वाकतच राहतो. बदली इथे मित्र ठरते. सुटी फळी दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर नव्या घरी ती उलटी करून लावा. वाकलेली बाजू वर आली की पुढची काही वर्षे वजन तिला सरळ करण्याचेच काम करते. पुस्तके आणि पितळी भांडी यांना अरुंद खण द्या, लांब खणात अंथरुणे-पांघरुणे ठेवा.

८. न्यायचे की नाही: एक हिशेब

एक नेहमीचे कपाट घेऊ: उंची १९५ सेंटिमीटर, रुंदी ९०, खोली ५५. दोन बाजू, वर-खाली आणि चार खण मिळून सहा आडव्या फळ्या, दोन दारे. १८ मिलिमीटर जाडीच्या फळ्यांचे एकूण क्षेत्रफळ भरते सुमारे ६.७ चौरस मीटर. बोर्डाची घनता घनमीटरला ६८० किलो धरली तर या फळ्यांचे वजन ८२ किलो. मागची फळी आणि लोखंडी सामान धरून ८५ ते ९० किलो.

उभे कपाट न्यायचे तर हे सगळे वजन एकदम जिन्यातून उतरणार, त्याला चार माणसे हवीत. सुटे केले तर सर्वांत जड तुकडा म्हणजे बाजूची फळी, ती तेरा-एक किलोची. घरातली दोन माणसे ती सहज नेतात. जागेचे गणित त्याहून बोलके आहे. उभे कपाट जवळजवळ एक घनमीटर जागा खाते. त्यातले लाकूड त्याच्या आठव्या हिश्शाच्या आसपास. बाकीची हवा. 'छोटा हत्ती' टेम्पोचा हौदा साधारण सात फूट बाय पाच फूट. त्यात हे कपाट आडवे टाकले तर अर्ध्याहून जास्त तळ गेला. फळ्या सुट्या करून कडेवर उभ्या लावल्या तर वीसएक सेंटिमीटरची पट्टी पुरते.

सरकारी नोकरीत बदलीबरोबर सामानासाठी वजनाची मर्यादा मिळते. सातव्या वेतन आयोगानंतरच्या केंद्राच्या नियमांत ती पे लेव्हल ६ आणि वरच्यांना ६,००० किलो, लेव्हल ५ ला ३,००० आणि त्याखाली १,५०० किलो आहे. रेल्वेत बदलीच्या पासाबरोबर सामानाचा किट पासही असतो. दीड टनाच्या मर्यादेतही ९० किलोचे कपाट सहज बसते. म्हणजे अडचण वजनाची नसते. ती जागेची, जिन्याची आणि जोडणीच्या मजुरीची असते.

आता निर्णय. वाहतुकीतला कपाटाचा वाटा, उतरवण्या-जोडण्याची मजुरी आणि लागणारी दुरुस्ती, या तिघांची बेरीज करा. तशाच वापरलेल्या कपाटाला नव्या गावात जे पडतील त्या पैशांपेक्षा ही बेरीज कमी असेल तर न्या. जास्त असेल तर पाठ थोपटून विकून टाका. तुलना नव्या कपाटाच्या किमतीशी करू नका, कारण तुमचे कपाट आता नवे नाही.

ढोबळ उत्तर हवे असेल तर हे घ्या. नट-बोल्टचा लोखंडी पलंग, पोलादी रॅक, प्लायचे कपाट, धातूच्या पायांचे टेबल: न्या. भुशाचे पण कॅमचे कपाट: नीट हाताळले तर दोन-तीन बदल्या निर्धास्त, पुढे दुरुस्तीसह. स्वस्तातला बूट-रॅक, कडा फुगलेले टीव्ही युनिट: राहू द्या. स्वयंपाकघरात कडप्प्याचे कप्पे आणि ओटा घराचेच असतात, ते घरापाशी राहतात. ओट्याखालच्या स्टीलच्या ट्रॉल्या मात्र चॅनेलसकट काढून नेता येतात. फक्त नव्या ओट्याचे माप आधी मागवा, कारण दोन ओटे क्वचितच सारखे असतात.

९. उतरवताना आणि जोडताना

उतरवण्याआधी आतून-बाहेरून फोटो काढा. प्रत्येक फळीवर आतल्या बाजूला पेन्सिलने खूण करा: डावी, उजवी, वरून दुसरा खण. कपाट पूर्ण रिकामे करा. भरलेले किंवा अर्धवट भरलेले कपाट फरशीवरून ओढणे हे सर्वांत वाईट. ओढताना तळ घर्षणाने मागे राहतो, वरचा भाग पुढे जातो, आणि कॅमच्या दांड्या तरफेसारख्या भुशाला फोडतात. फळ्या चांगल्या असूनही जी कपाटे डुगडुगतात, त्यातली पुष्कळ बदलीत बिघडलेली नसतात. झाडू मारायला पुढे-मागे ओढून ती बिघडलेली असतात.

क्रम असा ठेवा: आधी दारे, मग ड्रॉवर, मग सुटे खण, मग मागची फळी, शेवटी चौकट. बिजागरीचे दोन भाग असतात. दारातला वाटीचा भाग आणि बाजूच्या फळीवरची पट्टी. बहुतेक बिजागऱ्यांत मधला एक स्क्रू सैल करून किंवा खटका दाबून दार वेगळे होते. वाटी आणि पट्टी आपापल्या फळीवरच राहू द्या. प्रत्येक प्रकारचे स्क्रू वेगळ्या पुडीत, पुडीवर नाव, आणि सगळ्या पुड्या एका डब्यात; हा डबा टेम्पोत न देता हातात ठेवा. फळ्यांच्या मध्ये जुन्या सोलापुरी चादरी घाला, कोपऱ्यांना गोणपाट किंवा पुठ्ठा बांधा. फळ्या आडव्या रचू नका, कडेवर उभ्या ठेवा आणि सुतळीने आवळा. आरसा वेगळा.

जोडताना ड्रिल मशीनचा मोह टाळा. हाताचा स्क्रूड्रायव्हर घ्या. जुन्या भोकात स्क्रू टेकवून आधी उलटा फिरवा. एका क्षणी तो किंचित खाली बसल्याचे हाताला कळते. तिथे जुने आटे सापडले. आता सुलटा फिरवा. असे केले तर स्क्रू जुन्याच वाटेने जातो, नवी वाट कोरत नाही. कॅमची चकती अडली की थांबा. ती मऊ जस्ती धातूची असते, जोर केला की तिची खाच तुटते.

भोक सैल झालेच असेल तर दोन उपाय. किंचित सैल असेल तर फेविकॉल लावून गुल काढलेली काडेपेटीची काडी आत बसवा, जास्तीची काडी कापा आणि सुकल्यावर स्क्रू मारा. जास्त मोठे झाले असेल तर ते ८ किंवा १० मिलिमीटरचे गोल भोक करून घ्या, त्यात फेविकॉल लावलेली लाकडी खुंटी ठोका, रात्रभर सुकू द्या आणि खुंटीत बारीक भोक पाडून मग स्क्रू फिरवा. आता स्क्रू भुशात नाही, अख्ख्या लाकडात धरतो. बदल्या बऱ्याच होणार असतील तर पहिल्याच खोलणीच्या वेळी मिस्त्रीकडून मुख्य जोडांत आट्यांच्या धातूच्या नळ्या बसवून घ्या. भुशाचा जोड तिथे धातूचा होतो.

१०. पुढचे कपाट घेताना

बदलीच्या नोकरीत असाल तर दुकानात चार प्रश्न विचारा. फळी कशाची आहे, आणि तळाच्या कडेला पट्टी लावली आहे का? चौकटीचे जोड कॅमचे आहेत, नट-बोल्टचे आहेत की सरळ स्क्रूचे? मागची फळी खाचेत सरकवलेली आहे की चुका मारलेली? कॅम, दांड्या, बिजागऱ्या सुट्या विकत मिळतात का?

खाचेत सरकणारी मागची फळी आणि बाजारात मिळणारे सुटे भाग, या दोन गोष्टी असतील तर भुशाच्या बोर्डाचे कपाटही चांगली सोबत करते. त्या नसतील तर वर कितीही महाग सनमायका असला तरी ते कपाट एका घरासाठी आहे असे समजा आणि तेवढीच किंमत द्या.